मधल्या स्टॉपवर

मी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. तिकिटाच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायचं उरलंय असं मला वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

ही जाऊन चार महिने झाले होते. ही म्हणजे माझी बायको. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आमची मुलगी एकुलती एक, लग्न होऊन परदेशात गेलेली. तेव्हा तिला पाचवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायलाही बंदी केली होती, मग विमान कुठलं. आईला तिने शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर.

आता तिचे दिवस भरले होते. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, गुरुवारी सकाळी दहाला. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला आत नेण्याआधी तुम्ही समोर दिसायला हवेत. आई तर नाहीच." मी म्हणालो, "दिसेन." मी कमी बोलणारा माणूस. पण एवढं बोललो होतो.

तिकिटं हिनेच काढून ठेवली होती, दोघांची, सहा महिने आधी. हिची धाकटी बहीण आहे. तिला आम्ही सगळे छोटी म्हणतो, पन्नाशी उलटली तरी छोटीच. तिच्या घरी, तिच्या कंप्युटरवर बसून दोघी बहिणींनी हे काम केलं. विमान कंपनीकडून नाही, तिकिटं विकणाऱ्या एका एजंटच्या साइटवरून, कारण तिथे स्वस्त पडत होती. सकाळी साडेनऊला छोटीच्या शहरातून लहान विमान. ते मोठ्या शहरात येणार. तिथून दुपारी साडेतीनला मोठं विमान, थेट मुलीच्या देशात. निघण्याआधी दोन दिवस बहिणीकडे राहायचं हिच्या मनात होतं, म्हणून सुरुवात छोटीच्या शहरातून.

आता रस्ता कसा आहे ते बघा. आमच्या गावाहून मोठं शहर बसने दोन तास. छोटीचं शहर त्याच रस्त्याने पुढे आणखी पाच तास. म्हणजे मी सात तास बसमध्ये बसून छोटीकडे जायचं, आणि विमानात बसून पुन्हा त्याच मोठ्या शहरात मागे यायचं. कंडक्टरच्या डोक्याला हे पटेना. विमान मोठ्या शहरात येणारच आहे ना? मग मी तिथेच चढतो. माझ्या बसमध्ये असे कितीतरी लोक असायचे. तिकीट पहिल्या स्टॉपपासूनचं काढलेलं आणि चढायचे तिसऱ्या-चौथ्या स्टॉपवर. त्यांना मी कधी अडवलं नाही. पूर्ण रुटचे पैसे भरलेत, मधून चढला तर बसचं काय जातंय?

हे मी स्वतःला आणि मुलीला दिलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं.

छोटीचा आवाज थेट हिच्यासारखा आहे. तोंडवळा नाही, उंची नाही, फक्त आवाज. ही गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "पाणी घ्या थोडं." मी म्हणालो, "आलो गं." आणि उठलो. दारात गेलो तर हातात तांब्या घेऊन छोटी उभी. तिने ऐकलं होतं, सगळ्यांनीच ऐकलं होतं. तेव्हापासून मी छोटीचा फोन उचलला नाही. तिचे निरोप यायचे, तेही उघडले नाहीत. उघडले असते तर ते मला तिच्या आवाजात ऐकू आले असते.

सोमवारी संध्याकाळी मी तिला एका ओळीचा निरोप पाठवला. "मी उद्या मोठ्या शहरातूनच विमानात बसतो, तू त्रास घेऊ नकोस." लगेच फोन वाजायला लागला. मी तो पालथा ठेवला आणि बॅग भरायला घेतली.

मंगळवारी पावणेबाराला मी मोठ्या शहरातल्या विमानतळावर हजर होतो. डेपोत मी नेहमी तासभर आधी जायचो, ती सवय गेलेली नाही. काउंटरवर तिशीतली एक बाई होती, केस घट्ट बांधलेले, समोर अर्धा प्यालेला चहा. मी पासपोर्ट आणि तिकिटाचा कागद पुढे केला. कागदाची मी घडी घातली होती. वर माझं नाव दिसेल आणि खालचं दुसरं नाव दिसणार नाही, अशी.

"काका, तुम्ही सकाळच्या विमानाने आलात ना इकडे?"

"नाही. ते सोडलं. आमचं गाव इथून जवळ, म्हणून म्हटलं इथूनच बसावं. तुमचं काही नुकसान नाही, माझी जागा इथपर्यंत रिकामीच आली असेल."

ती टाइप करता करता थांबली. "काका, तुमचं पुढचं तिकीट रद्द झालंय."

"कुणी केलं?"

"कुणी केलं नाही. आपोआप होतं. पहिल्या टप्प्याला माणूस आला नाही की पुढचे सगळे टप्पे रद्द होतात."

"मॅडम, मी एकतीस वर्षं कंडक्टर होतो. पूर्ण रुटचं तिकीट असलेला माणूस मधल्या स्टॉपवर चढला तर मी त्याला म्हणायचो, बसा."

"तुम्ही चांगले कंडक्टर असणार."

"नव्हतो. कडक होतो. आदल्या दिवसाचं तिकीट घेऊन चढलेल्याला मी भर उन्हात उतरवलेलं आहे. घरी येऊन सांगितलं तर बायकोने दोन दिवस अबोला धरला. तरी मधून चढणाऱ्याला मी नाही म्हटलं नाही."

ती जराशी हसली. "काका, तिथे तुम्ही होतात. इथे तुमच्या जागी हे मशीन आहे. द्या बघू तो कागद."

तिने घडी उघडली. दोन नावं, एकाखाली एक.

"या दुसऱ्या प्रवासी? यांचं तिकीट तर दोन महिन्यांपूर्वीच रद्द केलेलं दिसतंय."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या शेजारची जागा अजून हिच्याच नावाची आहे असं मी धरून चाललो होतो. रात्री झोप आली नाही की मी त्या जागेचा विचार करायचो. खिडकी हिला, मधली मला. आठ-दहा तास त्या रिकाम्या जागेशेजारी बसून जायचं. विचित्र वाटेल, पण मला त्याचा आधार होता.

"त्या येणार नाहीत का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. कागद उलटला. मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात नियम छापले होते. मी ते पान कधी बघितलंच नव्हतं. वाचायचं तर पूर्ण कागद उघडावा लागला असता, आणि मग दोन्ही नावं दिसली असती.

"काका, हे वाचलंत?"

नियमांच्या मधल्या एका ओळीखाली निळ्या पेनाची रेघ होती. "सर्व टप्पे क्रमानेच वापरावेत." शेजारी समासात हिचं अक्षर. हिचा 'ब' नेहमी पोट सुटल्यासारखा यायचा. लिहिलं होतं: "यांना सांगायचं. ही बस नाही. मधून चढता येत नाही. छोटीकडूनच." 'बस' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

ते मी तीनदा वाचलं. सांगायचं म्हणून लिहून ठेवलं होतं आणि सांगायचं राहून गेलं. कदाचित सांगितलंही असेल, आणि मी "हो हो" म्हणून पेपर वाचत बसलो असेन. मला काही आठवेना.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "परवा सकाळी दहाला माझ्या मुलीला ऑपरेशनला नेणार आहेत. त्याआधी मला पोचायचंय."

"तिकीट एजंटच्या साइटवरून काढलंय, त्यामुळे मला त्यात हात घालता येत नाही. खाली त्यांचा नंबर आहे, फोन करा. त्यांनी आमच्याकडे विनंती पाठवली तर मी बघते. काउंटर अडीचला बंद होतो. तोवर मी इथेच आहे."

मी खांबाजवळच्या खुर्चीत बसून फोन लावला. आधी गाणं, मग एक मंजूळ आवाज, की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, मग पुन्हा गाणं. अर्धा तास माझा फोन त्यांच्यासाठी मोलाचा होता. शेवटी एक माणूस आला. मी सगळं सांगितलं.

"सर, नियम विमान कंपनीचा आहे."

"ते म्हणतात तुमच्याकडे विचारा."

"बरोबर आहे सर. नियम त्यांचा, तिकीट आमचं."

"आणि माणूस कुणाचा?"

तो म्हणाला, "सर, मी बुकिंग उघडून बघतो. नोंदवलेल्या नंबरवर सहा आकडी कोड गेलाय, तो सांगा."

"माझ्याकडे काही आलं नाही."

"शेवटचे दोन आकडे सेहेचाळीस असलेल्या नंबरवर गेलाय सर."

तो नंबर मला पाठ होता. चार महिने माझ्या फोनवर तोच दिसत होता. तिकिटं छोटीच्या कंप्युटरवरून काढली, तेव्हा नंबरही छोटीचाच दिलेला.

मी त्याला थांबा म्हणालो आणि फोन बंद झाला. एक वाजायला आला होता. समोर एक माणूस बॅगेवर बसून बॅग बंद करायच्या खटपटीत होता, त्याच्याकडे मी थोडा वेळ बघत राहिलो. मग छोटीचा नंबर लावला. पहिली घंटी पुरती वाजलीही नाही.

"भाऊजी!"

तोच आवाज. मी फोन कानापासून दूर धरला, पुन्हा कानाला लावला.

"बोला तरी! आहात ना? बरं, नका बोलू, मीच बोलते. कालपासून चौदा फोन केलेत तुम्हाला. सकाळी सातला इथल्या विमानतळावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, माणूस ऐनवेळी सुधारेल. तिथला पहारेकरी मला खुर्ची देत होता, बसा म्हणे आजी. आजी! तुमच्यापायी हेही ऐकून घेतलं."

"छोटे, तिकीट रद्द झालं."

"माहितीये. होणारच होतं. तेच लिहिलं होतं रात्री, चार वेळा. तुम्ही वाचत नाही, फोन उचलत नाही. का ते मला कळत नाही असं समजू नका." ती थांबली. पुढचं बोलली ते हळू. "मला स्वतःलाच घरात मोठ्याने बोलायची चोरी झालीये, भाऊजी. बोलले की ताईच बोलतेय असं वाटतं. आता मी काय करू, दुसरा आवाज कुठून आणू?"

"चुकलं माझं," म्हणालो.

"ते नंतर. आधी पोरीकडे पोचायचंय. तिला मी काही सांगितलं नाहीये, आधीच तिचं बीपी वर-खाली होतंय. नीट ऐका. ताईचं तिकीट मी रद्द करून घेतलं तेव्हा मृत्यूचा दाखला एजंटकडे पाठवला होता. त्यांच्या नियमात आहे, एकाच बुकिंगमधला जोडीदार गेला तर दुसऱ्याला एकदा बदल करून मिळतो, पहिला टप्पा चुकला असला तरी. मी सकाळपासून त्यांच्या डोक्यावर बसलेय. ते म्हणतात प्रवासी स्वतः बोलला पाहिजे. आणि प्रवासी महाशय फोन पालथा ठेवून बसलेत."

फोन पालथा ठेवलेला छोटीला कसा कळला, ते मी विचारलं नाही. ही गेली तरी मला ओळखणारं कुणीतरी उरलं होतं.

छोटी एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते, तिला असले फोन जोडायची सवय आहे. तिने मला लाइनवर ठेवून एजंटला जोडलं. गाण्याच्या मध्येच ती म्हणाली, "ताईला हे गाणं तोंडपाठ झालं होतं, तिकीट काढताना. भांडी घासताना म्हणायची." मला हसू आलं. चार महिन्यांत आलं नव्हतं.

या वेळी एक मुलगी बोलायला आली. छोटीने सहा आकडे सांगितले.

"सर, तुम्ही प्रवासी बोलताय ना? तुमच्या सहप्रवासी का आल्या नाहीत ते तुमच्या तोंडून हवंय. संभाषण रेकॉर्ड होतंय."

तिकडे छोटीने श्वास घेतलेला मला ऐकू आला. ती माझ्यासाठी सांगू बघत होती, पण तिला सांगून चालणार नव्हतं.

"माझी बायको होती," मी म्हणालो. "ती वारली. चार महिने झाले."

आजवर हे सगळं दुसऱ्यांनीच सांगितलं होतं. शेजाऱ्यांनी, छोटीने, दवाखान्याच्या कागदाने. मी मान हलवायचो.

"सॉरी सर," मुलगी म्हणाली, आणि ते तिने खरंच म्हटलं असं वाटलं. "दाखला आमच्याकडे दिसतोय. बदल करून देते. उद्याच्या विमानात जागा आहे."

"आजच्या नाही? मी विमानतळावरच उभा आहे. काउंटर समोर दिसतोय."

"नाही सर. बदल मिळतो तो तारखेचा, मार्गाचा नाही. तिकीट जिथून सुरू होतं तिथूनच चढावं लागेल. उद्या सकाळी साडेनऊ."

"म्हणजे छोटीच्या शहरातून."

"भाऊजी," छोटी म्हणाली, "म्हणजे माझ्या घरून."

मी हिशेब केला. उद्या बुधवार. मोठं विमान मुलीच्या गावी पहाटे पाचला उतरतं, गुरुवारी. ऑपरेशन दहाला.

"करा," मी म्हणालो.

काउंटरवर जाऊन मी त्या बाईला सांगितलं. तिने मशीनमध्ये बघून खात्री करून घेतली. "आलंय काका. आता कुठलाच टप्पा सोडू नका हं. परतीचाही नाही." मी म्हणालो, "आता बसमध्येही सोडणार नाही." तिचा चहा तसाच गार पडला होता.

अडीचची बस मिळाली. कंडक्टर बाई होती, बोलण्यात खणखणीत. "कुठे?" म्हणाली. "शेवटपर्यंत," मी म्हणालो. तिने तिकीट दिलं ते मी नीट वाचलं, पुढून आणि मागून. ती म्हणाली, "बरोबर आहे हो, काय तपासताय?" "तपासत नाही," म्हणालो, "आम्ही पण याच धंद्यातले." मग मात्र तिने मला पुढची सीट दिली आणि अर्ध्या वाटेपर्यंत आपल्या डेपो मॅनेजरच्या तक्रारी सांगितल्या. मुलीला मी बसमधूनच फोन केला.

"बाबा, विमानात बसायची वेळ झाली ना?"

"उद्या बसतोय. आज छोटीमावशीकडे."

"मावशीकडे? तुम्ही?" मग म्हणाली, "पण गुरुवारी दहाच्या आत?"

"पाचला उतरतो."

साडेसातला बस स्टँडवर लागली. छोटी फलाटावर उभी होती. ती लगेच माझी बॅग ओढायला लागली. मी देईना, ती सोडेना, अशा ओढाताणीत आम्ही रिक्षापर्यंत गेलो. घरी आल्यावर मी बाहेरच्या खोलीत बसलो. ती आत गेली. आत नळ वाजला, बंद झाला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ती आत थांबून होती, आवाज द्यावा की न द्यावा अशी.

"पाणी घ्या, भाऊजी," शेवटी ती म्हणाली.

"आलो गं छोटे," मी म्हणालो आणि आत गेलो.

रात्री जेवताना ती खूप बोलली. सुरुवातीला मी ताटाकडे बघत होतो. मग वर बघायला लागलो. तोंड छोटीचं आणि आवाज हिचा, हे सोबत बघितलं की इतकं अवघड जात नाही. अवघड जातं ते डोळे मिटून ऐकलं की. झोपायच्या आधी तिने एक पिशवी आणून दिली. दोघी बहिणींनी शिवलेली बाळाची दुपटी, इथेच ठेवलेली, जाताना घेऊन जायची म्हणून. हिला दोन दिवस इथे राहायचं होतं त्याचं हेही कारण होतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं.

सकाळी छोटी विमानतळावर आली. आदल्या दिवशीचा पहारेकरी तिला बघून म्हणाला, "आजी, आज आले का पाहुणे?" छोटी म्हणाली, "हे आजोबा. मी मावशी." लहान विमानात मी खिडकीत बसलो. तिकीट काढून पुन्हा बघितलं. पहिला टप्पा.

गुरुवारी सव्वासातला मी हॉस्पिटलात पोचलो. जावई दारात उभा होता, दाढी वाढलेली. मुलगी खाटेवर बसली होती, अंगात हॉस्पिटलचा गाऊन, पोट एवढं मोठं. मला बघून ती रडली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मी खिशातून तो कागद काढला, पूर्ण उघडला, उलटला आणि तिच्या हातात दिला.

तिने समासातलं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खरंच मधून चढायला गेलात?"

"गेलो."

ती हसायला लागली. डोळे पुसत हसत राहिली, इतकी की नर्स आत डोकावली आणि बीपी मोजायचं यंत्र घेऊन आली. "हसवू नका हो," मुलगी मला म्हणाली, "आता आकडा वर जाईल." कागद तिने परत दिला नाही. उशीखाली ठेवला. पावणेदहाला तिला आत नेलं तेव्हा मी चाकांच्या खाटेबरोबर दारापर्यंत चालत गेलो.